उन्हाची बेगमी

गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पाच मजली इमारतीवरची अशी एक टाकी रिकामी करताना त्या पाण्यावर छोटं जनित्र फिरवलं, तर एलईडीचा एक दिवा चारेक तास जळेल एवढीच वीज हाती येईल. हीच टाकी सह्याद्रीच्या कड्यावर नेली, पायथ्यापासून चारशे मीटर उंचीवर, आणि तिथून पाणी खाली सोडलं, तर साधारण एक युनिट मिळतं. फक्त एक. दहा हजार लिटरचा अख्खा टँकर कड्यावरून ओतावा तेव्हा कुठे मध्यमवर्गीय घराची दोन दिवसांची गरज भागते.

सौरऊर्जेच्या गप्पा रंगल्या की 'मग साठवा की ती वीज!' असं कुणीतरी सहज म्हणून जातं. ते किती जड काम आहे, हे या टाकीवरून कळतं. ज्वारी कणगीत भरता येते, पेवात पुरता येते. वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कुठेतरी वापरली जावी लागते. मग इतकी वर्षं आपलं अडलं कसं नाही? कारण कणगी होतीच, फक्त तिला कुणी कणगी म्हणत नव्हतं. औष्णिक केंद्राच्या आवारातला कोळशाचा ढीग म्हणजे साठवलेली ऊर्जाच. मागणी वाढली की भट्टीत जास्त टाकायचा, कमी झाली की हात आखडायचा. उन्हाचा आणि वाऱ्याचा असा ढीग घालता येत नाही. कोळसा सोडायचा म्हणजे भट्टीबरोबर ही कणगीही सोडायची, आणि तिच्या जागी काय आणायचं हा आजचा खरा प्रश्न आहे.

शिल्लक दुपारची, टंचाई तिन्हीसांजेची

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. पुढच्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, देशातल्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू अशा इंधनांवाचून चालणारी झाल्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं. बातमी मोठीच. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष वीज वेगळी. सौरपटल रात्री झोपतं, ढगाळ दिवशी पेंगतं. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे.

अडचण दिवसाच्या दोन टोकांची आहे. दुपारी बारा ते तीन वीज भरपूर असते. राजस्थानात तर वाहून नेण्याच्या तारा अपुऱ्या पडतात म्हणून सौरप्रकल्पांना उत्पादन आवरतं घ्यायला सांगण्याची वेळ येते. सूर्य कलला की घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, एसी एकदमच सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच सौरवीज शून्यावर येते. कोळशाचं केंद्र बटण दाबून बंद-चालू होत नाही. दुपारी ते मंद ठेवायचं आणि संध्याकाळी धावतं करायचं, यात इंधनही वाया जातं आणि यंत्रंही झिजतात.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या राष्ट्रीय वीज आराखड्यानुसार २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ७४ हजार मेगावॉटची साठवण लागेल. त्यात सुमारे २७ हजार पाण्यावरची आणि ४७ हजार बॅटरीवरची. ही सगळी साठवण एकदा पूर्ण भरली तर तिच्यात सुमारे ४१ कोटी युनिटं मावतील. एवढी बेगमी तोवर उभी करायची आहे.

न साठवता होणारी साठवण

बेगमी करणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. टिकवायचं काय आणि ताजं खायचं काय, हे आधी ठरवायचं. कुरडया-पापड वर्षभरासाठी, पालेभाजी त्याच दिवशी. विजेच्या चर्चेत ही पहिली पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. जी कामं दुपारी होऊ शकतात ती दुपारीच झाली, तर तेवढी वीज साठवायची गरजच उरत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेतात आहे. महाराष्ट्रात शेतीपंपांना पाळीपाळीनं वीज मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. रात्रीच्या पाळीत शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर जातो. खाली साप, उसात बिबट्या, अंगावर थंडी. ही रात्रपाळी शेतीच्या सोयीची नव्हती, ग्रिडच्या सोयीची होती. कोळशाची केंद्रं रात्रीही चालू ठेवावी लागत आणि ती वीज कुठेतरी खपवायची असे. सूर्य आला आणि हा हिशेब उलटला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळ लहान सौरप्रकल्प उभारायचा आणि त्यावर शेतीची वाहिनी दिवसा चालवायची, अशी ही योजना. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात झाला आणि राज्याचं लक्ष्य पुढे १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढवलं गेलं. तारांपासून दूर असलेल्यांसाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आहे. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला खर्चाचा दहा टक्के वाटा भरावा लागतो, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के.

इथे एकही बॅटरी नाही. तरी दुपारचं ऊन विहिरीतून शेततळ्यात आणि शेततळ्यातून पिकाच्या मुळाशी जातं. शेततळं हीच बॅटरी. धोकाही इथेच आहे. दिवसा, हवी तेवढी आणि फुकट वीज मिळाली की पंप थांबवायला कारण उरत नाही. ऊस आणि द्राक्षांच्या पट्ट्यात भूजल आधीच तळाला गेलेलं आहे. वीज स्वच्छ झाली आणि विहीर कोरडी पडली, तर त्याला शाश्वत म्हणायचं कसं? दिवसाची वीज आणि ठिबक या दोन गोष्टी एकाच योजनेत बांधल्या गेल्या पाहिजेत.

निसर्गानंही एक जोडी जमवून ठेवली आहे. पावसाळ्यात सौरपटलं सुस्तावतात, पण तेव्हाच साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवर पवनचक्क्या जोरात फिरतात आणि धरणं भरू लागतात. उन्हाळ्यात ऊन, पावसाळ्यात वारा आणि पाणी. ही जोडी जितकी नीट बसवू तितकी साठवण कमी लागेल.

तिसरी किल्ली दराची आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी वीजदर दिवसाच्या वेळेनुसार बदलायला सांगितलं आणि उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान वीस टक्के कमी ठेवण्याचं बंधन घातलं. स्मार्ट मीटरविषयी लोकांच्या मनात राग आहे आणि त्यातला बराचसा अनुभवातून आलेला आहे. पण दुपारी स्वस्त वीज मिळणार असेल, तर कोणत्या तासाला किती वापर झाला हे मीटरला कळावंच लागतं. वीज कंपन्यांनी ही सवलत बिलावर ठळकपणे दाखवली असती, तर निम्मा विरोध तिथेच विरला असता.

कड्यावरचं पाणी

एवढं करूनही जी वीज उरते तिच्यासाठी सगळ्यात जुनी आणि पारखलेली साठवण म्हणजे डोंगर. वर एक तलाव, खाली एक तलाव. वीज जास्त झाली की पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडायचं. सरकारी मराठीत याला उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. शब्द जड आहे, पण अर्थ सरळ आहे: उपसून वर नेणं. वर चढवताना शंभर युनिटं खर्चली तर उतरताना पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. चीनमधला फेंगनिंग प्रकल्प ३,६०० मेगावॉटचा आहे आणि तो जगातला सगळ्यात मोठा मानला जातो.

महाराष्ट्राला हे तंत्र नवं नाही. अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघरचं धरण आहे आणि कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरं. दोन्हींच्या मधे २५० मेगावॉटचं वीजगृह. जपानच्या अर्थसाहाय्यानं झालेला हा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. तो आखला गेला तेव्हा रात्रीची वीज शिल्लक असायची, म्हणून रात्री पाणी वर चढवायचं अशी कल्पना होती. आता तेच पंप दुपारी चालवणं शहाणपणाचं ठरतं. भट्टीचं घड्याळ जाऊन सूर्याचं घड्याळ आलं, ते असं.

सह्याद्रीचा उभा कडा म्हणजे या कामासाठी जणू तयार जिना आहे. म्हणूनच राज्यानं २०२३ च्या अखेरीस उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण आणलं आणि मोठमोठ्या कंपन्यांशी एकामागून एक करार केले. भिवपुरी, शिरवटा, माळशेज, तारळी अशी ओळखीची नावं प्रस्तावांच्या यादीत दिसतात. बाजू भक्कम आहे: नदीपासून दूर बांधलेल्या जोडतलावांत पाणी एकदा भरलं की पुढे फक्त बाष्पीभवनाची तूट भरावी लागते, आणि प्रकल्प चाळीस-पन्नास वर्षं सहज चालतो.

दुसरी बाजू समजून घ्यायची तर मुळशीला जावं लागतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू केलं, भिवपुरीचं १९२२ मध्ये आणि भिऱ्याचं १९२७ मध्ये. ही वीज धुराविना होती. आजच्या भाषेत शंभर टक्के हरित. त्याच भिऱ्यासाठी मुळशी धरण बांधलं जात असताना मावळ्यांच्या जमिनी बुडणार होत्या आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह उभा राहिला. धरणविरोधी लढ्यांच्या इतिहासात त्याचं स्थान फार वरचं आहे. पुढे १९९० च्या दशकात भिऱ्यालाच १५० मेगावॉटचा उदंचन संच बसला. म्हणजे महाराष्ट्रातल्या साठवणीचा एक धागा थेट मुळशीच्या बुडालेल्या शेतांपर्यंत जातो. कोयनेच्या विस्थापितांचं पुनर्वसन तर साठ वर्षं उलटूनही पूर्ण झालेलं नाही, आणि त्याच कोयनेची १,९६० मेगावॉटची क्षमता राज्याची संध्याकाळ सांभाळते.

नवे प्रकल्प ज्या कड्यांवर येऊ पाहतात तिथे शेकरूचं जंगल आहे, देवराया आहेत आणि ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वाड्या आहेत. पश्चिम घाटाच्या या पट्ट्यात कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे माधव गाडगीळ समितीनं २०११ च्या अहवालात सविस्तर मांडलं. तो अहवाल बाजूला पडला. हवामान वाचवण्यासाठी जंगल बुडवणं हा व्यवहार दर वेळी तोट्याचाच असतो असं नाही, पण तो डोळे मिटून करण्याजोगाही नाही. निकष साधे हवेत: आधी असलेल्या धरणांच्या जोडीनं काय बसतं ते पाहावं, मग उजाड पठारं, जुन्या खाणी. दाट जंगलाचा कडा सगळ्यात शेवटी. आणि वाडीच्या ग्रामसभेचा होकार कराराआधी, करारानंतर नव्हे.

डब्यातली वीज

बॅटरीची गोष्ट घरातून सुरू होते. २००० नंतरच्या दशकात भारनियमनाचे बारा-बारा तास ज्यांनी काढले त्यांना ती लक्षात आहे. जिन्याखाली इन्व्हर्टर, शेजारी काळी बोजड बॅटरी, महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटर, आणि तीन-चार वर्षांनी भंगारवाला. फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेली ही शिसं-आम्लाची बॅटरी. घरोघरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतं आणि तिला फार न दमवता त्यातलं निम्मंच वापरता येतं. कड्यावरच्या आपल्या हजार लिटरच्या टाकीएवढंच.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ग्रिडसाठी आज तिचा लोह-फॉस्फेट हा प्रकार जास्त वापरला जातो. त्यात महागडं कोबाल्ट नसतं, तो सहजी पेटत नाही आणि हजारो वेळा भरता-रिकामा करता येतो. हा प्रकार मांडणाऱ्या १९९७ च्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्यासोबत पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत.

चित्र बदललं ते किमतीनं. २०१० मध्ये एक युनिट साठवणाऱ्या लिथियम बॅटरीला हजार डॉलरहून जास्त पडत. २०२४ मध्ये जागतिक सरासरी ११५ डॉलरवर आली. आपल्याकडच्या निविदांतही तेच दिसलं. दोन तासांच्या ग्रिड-बॅटरीचं भाडं २०२२ मध्ये मेगावॉटमागे महिन्याला पावणेअकरा लाख रुपयांच्या पुढे होतं. २०२५ मधल्या काही निविदांत, सरकारी मदतीच्या आधारानं का होईना, ते अडीच लाखांच्याही खाली गेलं. २०१६ मध्ये अख्खं दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्य अंधारात गेलं, त्यानंतर २०१७ मध्ये तिथे हॉर्न्सडेलला १०० मेगावॉटची बॅटरी उभी राहिली तेव्हा जगाला तिचं नवल वाटलं होतं. भारतात दिल्लीच्या रोहिणीत २०१९ मध्ये दहा मेगावॉटची बॅटरी आली आणि २०२४ मध्ये छत्तीसगडच्या राजनांदगावात सौरप्रकल्पाला जोडून १२० मेगावॉट-तासांची. २०२५ च्या फेब्रुवारीत तर नव्या सौर निविदांमध्ये दोन तासांची साठवण घ्यावी, असा सल्ला केंद्रीय प्राधिकरणानंच दिला. बॅटरीचा मोठा गुण म्हणजे तिला कडा लागत नाही. उपकेंद्राच्या आवारात कंटेनर ठेवले की काम सुरू होतं. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई तासन् तास अंधारात गेली तेव्हा लोकल रुळांवर थांबल्या आणि रुग्णालयांना जनरेटरवर यावं लागलं. अशा वेळी शहराच्या पोटात असलेली साठवण फार मोलाची ठरते.

दोष झाकायचे नाहीत. जगातल्या बॅटरीच्या कारखानदारीचा फार मोठा भाग चीनच्या हातात आहे. जम्मूच्या रियासीत ५९ लाख टन लिथियमचं खनिज असल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, पण तिथला लिलाव काही जमला नाही. २०२५ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंगच्या बॅटरी केंद्राला आग लागली आणि आसपासची वस्ती हलवावी लागली. आपल्याकडे २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह काही शहरांत विजेवरच्या स्कूटर पेटल्या आणि त्यानंतर सुरक्षेचे नियम कडक झाले.

मीठ तर समुद्रात कितीही आहे, म्हणून सोडियमची बॅटरी हा आशेचा धागा आहे. पुण्याची आयसर ही संशोधनसंस्था आणि पुण्याचीच केपीआयटी कंपनी यांनी मिळून विकसित केलेलं सोडियम-आयन तंत्र २०२३ च्या डिसेंबरात सादर झालं. ही बॅटरी लिथियमपेक्षा जड आहे, पण जमिनीवर एका जागी बसणाऱ्या बॅटरीला वजनाचं काय ओझं?

आणि भंगारवाल्याचं काय? युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानं जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या पातळीवर असल्याचं सांगितलं. त्यांतली साडेसत्तावीस कोटी भारतातली. उघड्यावर फोडल्या जाणाऱ्या जुन्या बॅटऱ्या हे त्याचं एक मोठं कारण आहे. २०२२ च्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. नियम चांगला आहे. पण जुनी बॅटरी देऊन पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून आपण ती कुणाच्या हातात देतो, ते नियमाला दिसत नाही.

हायड्रोजनविषयी दोनच वाक्यं पुरेत. वीज वापरून हायड्रोजन करायचा आणि त्याची पुन्हा वीज करायची, यात निम्म्याहून जास्त ऊर्जा हरवते, त्यामुळे घरच्या दिव्यासाठी तो रस्ता नव्हे. खत आणि पोलाद यांच्या कारखान्यांत मात्र त्याची जागा आहे आणि २०२३ चं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मुख्यतः तिकडेच वळायला हवं.

घरचा हिशेब

२०२४ च्या फेब्रुवारीत आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि त्यावरच्या संचाला ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. पाटण तालुक्यातलं मान्याची वाडी हे शंभरेक घरांचं गाव राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. पण पटल बसवलेल्या अनेकांना एका गोष्टीचा धक्का बसतो. बाहेरची वीज गेली की भर उन्हातही घरातली सौरवीज बंद पडते. हा बिघाड नव्हे. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. अशा संचात साठवण नसतेच. ग्रिड ही आपली बँक असते: दुपारी भरणा, रात्री उचल. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी घ्यावी लागते, आणि बॅटरीला या योजनेत अनुदान नाही. शहरात वीज क्वचितच जात असेल, तर तो खर्च करू नये, असं माझं मत. दवाखाना असेल, घरात ऑक्सिजनवरचं माणूस असेल किंवा गावात रोज वीज जात असेल, तर जरूर करावा.

सगळा आढावा घेतल्यावर माझ्या मते क्रम असा लागतो. आधी वापर कमी, मग वापराची वेळ उन्हाकडे, मग असलेल्या धरणांचा आणि वाऱ्याचा मेळ, मग बॅटरी, आणि जंगलातला नवा कडा अगदी शेवटी. आज सरकारी कागदांवर हा क्रम उलटा दिसतो, कारण करार मोठ्या आकड्यांचे होतात आणि बचतीच्या कोनशिलेचं अनावरण होत नाही.

म्हणून शेवटी पुन्हा टाकीकडे. जुना पंखा पंचाहत्तर वॉट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आत. घरातले दोन जुने पंखे रोज अकरा-बारा तास फिरत असतील, तर ते बदलल्यावर दिवसाला एक युनिट वाचतं. तेवढ्यासाठी कुठेतरी सव्वा युनिट खर्चून हजार लिटर पाणी चारशे मीटर वर चढवावं लागलं असतं. या दिवाळीच्या खरेदीत फराळाच्या यादीखाली दोन पंखे लिहा. सह्याद्रीच्या डोक्यावरची एक टाकी कमी होईल.